धार-देवासचे मराठीपण आणि यवनांच्या सान्निध्यातील यहुदी

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात हेलिओदोर नावाचे दोन ग्रीक पुरुष दोन देवालयांच्या संबंधात आपणांस भेटतात. त्यांपैकी एक सिरियाच्या सेल्युकसवंशीय राजाचा मंत्री होता. यरुशलेमच्या मंदिरातील भांडार जप्त करण्यासाठी तो चालून गेला, अशी कथा मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. दुसरा तक्षशिलेचा रहिवासी. अंतलिकित नामक यवन राजाचा वकील म्हणून तो विदिशेस भागभद्र राजाच्या दरबारी आला आणि तेथे त्याने देवाधिदेव वासुदेवाचा गरुडध्वज उभारून स्वतःस भागवत म्हणवून घेतले. पूर्व माळव्यात बेसनगर येथे तो स्तंभ आजही उभा आहे. नाव एक, कुळ एक, शतकही एकच. पण एक हात देवाच्या भांडाराकडे वळला आणि दुसरा देवापुढे जोडला गेला.

दोन संस्कृती समोरासमोर आल्या म्हणजे काय घडते, या प्रश्नाला म्हणूनच एक ठरीव उत्तर देता येत नाही. कधी बलवान संस्कृती दुर्बळ संस्कृतीस गिळू पाहते, कधी विजेताच जिताच्या देवापुढे नम्र होतो. आणि बहुधा असे होते की, दोहोंचे रंग एकमेकांत उतरून कोणता कोणाचा हे पुढच्या पिढ्यांना ओळखू येईनासे होते. या तिसऱ्या प्रकारचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. त्यासाठी ग्रीक आणि रोमन संस्कृतींच्या छायेत सुमारे पाचशे वर्षे काढलेल्या यहुदी समाजाचा इतिहास आम्ही आरशासारखा समोर धरणार आहोत. पण त्या आरशात पाहावयाचे आहे ते आपल्याच एका शाखेचे मुख. नर्मदेच्या उत्तरेस माळव्यात, धार आणि देवास या दोन नगरांत, मराठी माणूस गेली जवळजवळ तीनशे वर्षे नांदत आहे. तो तेथे कोण होऊन राहिला, हा आमचा विषय होय.

प्रथम धारेची हकीकत पाहू. परमार भोजराजाची ही राजधानी. भोजाच्या काळी, म्हणजे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, संस्कृत विद्येचे ते मोठे पीठ होते. तथापि त्या नगरीतही एकच वाणी घुमत होती असे समजण्याचे कारण नाही. ‘राउळवेल’ नावाचा रोड कवीचा एक शिलालेख मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तो मूळ धारेचा मानला जातो. निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांची वर्णने कवीने त्यांत त्या त्या प्रदेशाच्या बोलीच्या छटांनी केली आहेत आणि जुन्या मराठीच्या खुणाही विद्वानांना त्यांत दिसल्या आहेत. मराठी फौजांचे पाऊल माळव्यात पडण्यापूर्वी काही शतके मराठी बोलीची चाहूल धारेच्या दगडावर उमटली होती, ही गोष्ट आपण मनाशी बाळगण्यासारखी आहे.

पुढे खिलजींचे राज्य आले, घोरी सुलतान आले, राजधानी मांडवगडावर गेली आणि अखेर माळवा मोगलांचा सुभा झाला. इ. स. १७२८ च्या नोव्हेंबरात धारेजवळ अमझेरा येथे चिमाजी अप्पांनी गिरिधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पराभव केला आणि १७३८ च्या जानेवारीत दुराईसराईच्या तहाने निजामाने माळव्यावरील बाजीरावांचा हक्क मान्य केला. शिंदे उज्जयिनीस, होळकर इंदूर-महेश्वरास आणि पवार धार व देवास येथे स्थिर झाले. धार आनंदराव पवारांच्या शाखेकडे राहिली. देवास मात्र तुकोजी व जिवाजी या बंधूंनी वाटून घेतले आणि त्यांतून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात उभी राहिली. आनंदरावांचे पुत्र यशवंतराव १७६१ मध्ये पानिपतावर पडले. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांचा जन्मही १७७५ मध्ये धारेच्या किल्ल्यातच झाला. मराठ्यांच्या सुखदुःखाशी हे नगर किती जवळून जोडलेले होते, हे एवढ्यावरून कळावे.

येथे एक मौज आहे. परमार आणि पवार हे शब्द एकाच मुळाचे. सातशे वर्षांपूर्वी ज्या कुळाची सत्ता धारेतून गेली त्याच नावाच्या कुळाची सत्ता मराठ्यांच्या विजयामुळे तेथे परत आली, हा योगायोग सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केला आहे. त्याचबरोबर, हे पवार आपणांस प्राचीन माळवराजांचे वंशज म्हणवीत नाहीत आणि मराठ्यांत मिसळलेल्या अन्य क्षत्रिय कुळांप्रमाणे त्यांनी चालीरीतीच नव्हे तर नावेदेखील मराठ्यांची स्वीकारली आहेत, असेही तो सांगतो. म्हणजे पाहा : उत्तरेकडील म्हणून ओळखले जाणारे एक कुलनाम दक्षिणेत मराठी झाले आणि मराठी होऊनच पुन्हा उत्तरेस गेले. पुढे विसाव्या शतकात धारेच्या दरबारी भोजराजाच्या स्मृतीचा अभिमान जागा झाला. धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख काशीनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ मध्ये भोजशाळा-कमाल मौला या वास्तूत ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचा शिलालेख शोधून काढला आणि लुअर्ड यांच्यासह परमारांचा इतिहास १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. एका मराठी विद्वानाने माळव्याच्या मातीतून परमारांचे संस्कृत काव्य उकरून काढावे आणि ते मराठी संस्थानाचे भूषण ठरावे! यांतले माळव्याचे किती आणि मराठी किती, याची वाटणी करू म्हणणारा फसल्यावाचून राहणार नाही.

आता आरशाकडे वळू. इ. स. पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने यहुद्यांचा देश घेतला. त्याच्या मागून इजिप्तचे टॉलेमी आणि नंतर सिरियाचे सेल्युकसवंशीय तेथे राज्य करू लागले. अलेक्झांड्रिया या नव्या ग्रीक नगरीत यहुद्यांची मोठी वस्ती झाली आणि दोन-तीन पिढ्यांतच त्यांची बोलण्याची भाषा ग्रीक झाली. आपले धर्मशास्त्र आपल्याच मुलांना कळेना, तेव्हा इ. स. पू. तिसऱ्या शतकात त्याचे ग्रीक भाषांतर करण्यात आले. बहात्तर पंडितांनी ते राजाज्ञेने केले अशी आख्यायिका आहे. तिच्यामागचे खरे कारण मात्र घरगुती होते, असे म्हणावयास हरकत नाही. हिब्रू न येणारी लेकरे सभागृहात बसली होती आणि त्यांच्यापुढे काहीतरी वाचावयाचे होते.

यरुशलेममध्ये तर मुख्य पुरोहितपदावरील येशुवा याने आपले नाव जेसन असे ग्रीक करून घेतले आणि मंदिराच्या सावलीतच ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा काढली. इथवर सर्व राजीखुशीने चालले होते. पुढे चौथ्या अँटिओकसने इ. स. पू. १६७ मध्ये शब्बाथ आणि सुंता यांवर बंदी घातली व मंदिरात परक्या देवाची वेदी मांडली, तेव्हा समाज पेटून उठला. मक्काबी बंधूंनी बंड केले आणि इ. स. पू. १६४ मध्ये मंदिराची पुन्हा शुद्धी केली. हनुक्का नावाचा आठ दिवसांचा दीपोत्सव यहुदी लोक आजही त्याचे स्मरण म्हणून साजरा करतात.

पण खरे नवल यापुढेच आहे. ज्या घराण्याने ग्रीकांविरुद्ध तलवार उपसली, त्याच घराण्यातील पुढच्या राजांची नावे हिर्कानस, अरिस्तोबुलस, अलेक्झांडर अशी आहेत. अलेक्झांडर यन्नाय याच्या नाण्यांवर हिब्रूबरोबर ग्रीक अक्षरेही आहेत. ज्या ग्रंथात या बंडाचा गौरव आहे तो ग्रीक भाषेत लिहिलेला असून, ‘यहुदी धर्म’ या अर्थाचा शब्द प्रथम तेथेच आढळतो. त्या शब्दाचा प्रत्ययही ग्रीक! परकीयांपासून आपला धर्म निराळा आहे हे सांगण्याकरिता परकीयांच्याच व्याकरणाचा आधार घ्यावा लागला.

वाचकांस हे विचित्र वाटत असेल तर त्यांनी आपल्या घरात डोकावून पाहावे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि सुमारे १४०० यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. हेतू स्वच्छ आणि थोर होता. तरीही त्या स्वराज्याचा विस्तार ज्यांनी नर्मदेपार नेला त्यांची पदवी ‘पेशवा’ हीच राहिली आणि तो शब्द फारसी आहे. त्यांच्या आज्ञापत्रांवर सुहूर सनाचे आकडे अरबी नावांनी लिहिले जात. यहुद्यांनीही आपल्या व्यवहाराच्या कागदांवर, ज्या सेल्युकसवंशाशी ते लढले त्याच वंशाचा शक हजारांहून अधिक वर्षे चालविला. म्हणून का मक्काबी ग्रीक झाले, की पेशवे मोगल झाले? मनुष्य ज्याच्याशी लढतो त्याची शस्त्रे हाताळतो आणि हाताळता हाताळता त्यांची नावेही शिकतो. त्यात लज्जास्पद काही नाही. प्रश्न एवढाच की, ती शस्त्रे कोणत्या देवळाच्या रक्षणासाठी उचलली होती.

धारेचे दैवत धारनाथ. पावसाळ्यात त्यांची पालखी नगरातून मिरवत निघते आणि तिला धारेचे हिंदी बोलणारे लोक आजही ‘छबीना’ म्हणतात. तुळजापूर-जेजुरीच्या यात्रेकरूंना छबिना हा शब्द सांगावा लागत नाही. तो मूळचा फारसी. रात्र या अर्थाच्या शब्दापासून आलेला. रात्रीच्या पहाऱ्यास छबिना म्हणत. मराठीने तो उचलून देवाच्या रात्रीच्या मिरवणुकीस दिला आणि मराठी मंडळींनी तो माळव्याच्या स्वाधीन केला. पहारेकऱ्यांचा शब्द देवाच्या पालखीला लागला आणि पावन झाला. यहुद्यांच्या ‘सिनॅगॉग’ आणि ‘सॅन्हेड्रिन’ या दोन संस्थांची कथा अशीच आहे. एक त्यांचे प्रार्थनागृह, दुसरी त्यांची धर्मसभा. दोन्ही नावे ग्रीक. वल्हांडणाच्या रात्री उशीला टेकून भोजन करण्याची त्यांची रीत ग्रीक-रोमन मेजवानीतील, आणि त्या भोजनाच्या शेवटी खावयाच्या भाकरीचे नावही ग्रीक. पण त्या रात्री सांगावयाची कथा मात्र इजिप्तच्या दास्यातून सुटल्याची. पात्र परके, आतील तीर्थ आपले.

देवासची टेकडी हे याचेच आणखी एक उदाहरण. गावाच्या माथ्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा अशी दोन देवींची स्थाने आहेत. चामुंडेची उपासना माळव्यात प्राचीन. तुळजाभवानी म्हणताच मराठी मन तुळजापुरास जाऊन पोहोचते. येणारा भाविक आज त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतो. दोन पात्यांच्या या गावात देवीही दोन, पण टेकडी एकच. टेकडीच्या पायऱ्या चढताना आपण मराठी आहोत की माळवी, हा विचार कोणी करीत असेल असे आम्हांस वाटत नाही.

मात्र विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे, ती पंचांगाची. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, माळव्यात पौर्णिमेस. म्हणून कृष्णजन्माची रात्र मराठी घरात श्रावण वद्य अष्टमी असते, तर शेजारच्या माळवी घरात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. देव एक, मध्यरात्र एक, महिने दोन. यात कोण चुकले? कोणीच नाही. उज्जयिनीस तर महाकालाच्या सवाऱ्या श्रावण संपल्यावरही भाद्रपदाच्या कृष्णपक्षात निघत राहतात, कारण मराठी गणनेने तो श्रावणच होय. महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात नव्याने उभारणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे शेणवी होते, हे या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. पुढे महादजींच्या पदरी जिवबादादा बक्षी केरकर, लखबादादा लाड अशी सारस्वत नावे पुनःपुन्हा दिसतात. माळव्याच्या मराठीपणात कोकण-गोमंतकाचाही वाटा आहे तो असा.

थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांच्या पदरी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये खाजगी कारभारी म्हणून राहिले. देवासच्या गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतविषयक कादंबरीच्या शेवटच्या भागात तो अवतरला. त्या प्रसंगी कादंबरीतील प्राध्यापक गोडबोले तुकोबांच्या नावाचा घोष करतात. माळव्यातील दरबार, इंग्रज लेखक आणि मुखी देहूच्या वाण्याचे नाव! दरबाराचे विवाहसंबंधही दक्षिणेशी होते. याच तुकोजीरावांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी झाला होता आणि त्यांचे चिरंजीव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर गेले.

येथे आम्हांस एक मर्यादा सांगितली पाहिजे. धार-देवासचे मराठे तेथे राज्यकर्ते होते; यहुदी आपल्याच देशात अंकित होते. शिवाय माळवी शेजाऱ्याचा आणि मराठी माणसाचा धर्म एक, तीर्थे एक, पुराणे एक. यहुद्यांपुढे प्राण की धर्म असा जो प्रश्न अँटिओकसने टाकला, तो येथे कोणी कोणास टाकला नाही. तेव्हा तुलना दुःखाची नाही. तुलना आहे ती राज्य गेल्यानंतरच्या काळाची. यरुशलेमचे मंदिर रोमन सेनापती टायटसने इ. स. ७० मध्ये जाळले. बार कोखबाचे बंड १३५ मध्ये मोडल्यावर त्या नगरीचे नावसुद्धा बदलण्यात आले. राज्य नाही, मंदिर नाही, नगरीचे नाव नाही. मग उरले काय? माळव्यात असे भयंकर काही घडले नाही. १९४८ मध्ये संस्थाने शांतपणे मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला. पण एक गोष्ट तेथेही झाली : ज्या दरबारामुळे मराठीस मान होता तो दरबार उरला नाही. मोडीतील दफ्तरे बांधून ठेवली गेली, कचेरीची भाषा हिंदी झाली. राज्याच्या आधाराने टिकलेले मराठीपण आता स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे होते.

यहुद्यांच्या इतिहासात या कसोटीच्या वेळी दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक अलेक्झांड्रियाची. तेथील फायलो हा फार मोठा तत्त्वचिंतक. त्याने मोशेचे शास्त्र प्लेटोच्या भाषेत जगापुढे मांडले. स्वतः त्यास हिब्रू कितपत येत होते याविषयी विद्वान साशंक आहेत. रोममध्ये राहून ग्रीक भाषेत आपल्या लोकांचा इतिहास लिहिणारा जोसेफस याच वाटेचा. आपले धन परक्या भाषेत नेण्याची ही वाट. दुसरी वाट पॅलेस्टाइनमधील धर्मपंडितांची. त्यांनी शेकडो ग्रीक आणि लॅटिन शब्द उचलले, पण ते आपल्या हिब्रू-अरामी वाक्यांत बसविले. इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेली मिश्ना या वाटेवरील पहिली मोठी धर्मशाळा होय. परके धन आपल्या भाषेत आणण्याची ही वाट.

या दोन वाटांचा शेवट ध्यानात घेण्याजोगा आहे. अलेक्झांड्रियाचा यहुदी समाज ११५ ते ११७ च्या बंडाळीत जवळजवळ नष्ट झाला. फायलोचे ग्रंथ वाचले, पण ते ख्रिस्ती मठांनी जतन केले म्हणून. त्याच्या स्वतःच्या लोकांना त्याची पुन्हा ओळख होण्यास सोळावे शतक उजाडावे लागले. ग्रीक धर्मशास्त्रही मुख्यतः ख्रिस्ती मंदिरांतच राहिले. उलट मिश्नेवर पिढ्यानपिढ्या पाठ, टीका, वाद चालत राहिले. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाकडेच पाहा ना! शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, आडनावे गावांवरून पेणकर, रोहेकर अशी, बोली मराठी. वल्हांडणाची पोथी त्यांनी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली आणि कीर्तनाच्या आपल्या थाटावर स्वतःची आख्याने सांगितली. भाषा पूर्ण मराठी झाली. पण शब्बाथ सुटला नाही, म्हणून समाज राहिला.

माळव्यातही या दोन्ही वाटा चोखाळलेल्या दिसतात. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, माळव्यात वाढलेले. त्यांनी हिंदीत लिहिले आणि ते आधुनिक हिंदी काव्याचे एक शिखर ठरले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले. एकाच आईच्या दोन मुलांनी दोन वाटा घेतल्या. १९४३ च्या ‘तार सप्तक’ या प्रसिद्ध हिंदी संग्रहातील सात कवींत मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी भाषिक होते. ही अलेक्झांड्रियाची वाट आणि ती गौरवाचीच आहे.

दुसऱ्या वाटेवर भास्कर रामचंद्र तांबे भेटतात. त्यांचा जन्म मुंगावलीचा, शिक्षणाचा काही काळ देवासचा. देवासच्या राजघराण्यात त्यांनी शिक्षक म्हणून कामही केले. हिंदी-उर्दू काव्याचे आणि उत्तरेकडील गायकीचे संस्कार घेऊन त्यांनी मराठी भावगीताला जो नाद दिला, तो पुण्या-मुंबईच्या कवींना सहज सुचला नसता. त्यांच्या कवितेतील माळवा मराठीच्या पोटात येऊन बसला आहे.

आणि या दोन्ही वाटा जेथे एक झाल्या ते स्थानही देवासच. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातील कानडी घरात जन्मले, मुंबईस देवधर मास्तरांकडे शिकले आणि क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला आले. सक्तीच्या मौनाची काही वर्षे त्यांनी तेथे काढली. त्या काळात दारावरून जाणाऱ्या गवयांची, लग्नकार्यातील बायकांची, नाथपंथी भजनकऱ्यांची गाणी त्यांच्या कानी पडली. बरे झाल्यावर ते गाऊ लागले तेव्हा माळव्याची लोकधून रागाचे रूप घेऊन आली. कबीराची निर्गुणी भजने मैफलीत आली आणि त्याच कंठातून तुकोबांचे अभंगही आले. १९९२ मध्ये त्यांचे देवासलाच निधन झाले. त्यांना कानडी म्हणावे, मराठी म्हणावे की माळवी? ज्याने त्याने आपले म्हणावे. गाणे कोणाचेही उणे होत नाही.

गोमंतकीय वाचकांस यासाठी देवासला जाण्याचीही गरज नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या भयाने कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेण्यात आली. पुढे त्या देवांची जी मंदिरे उभी राहिली त्यांचे घुमट, कमानदार खिडक्या आणि झुंबरे पाहा. ज्यांच्या भयाने देव हलविले त्यांच्याच वास्तुकलेची छाया देवालयावर आहे. चौथ्या शतकातील तिबेरियसजवळच्या सिनॅगॉगच्या जमिनीवर ग्रीक सूर्यदेव आणि बारा राशी चितारल्या आहेत, त्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. झुंबर परदेशी असेल, पण त्याच्या उजेडात आरती कोणाची चालली आहे, हे महत्त्वाचे.

या सर्वांवरून आमचा अभिप्राय असा आहे. शुद्ध, अस्पर्श अशी संस्कृती इतिहासात कोठे नव्हती. परमारांच्या धारेत नव्हती, सॉलोमनच्या नगरीत नव्हती. यहुद्यांच्या महिन्यांची नावेसुद्धा बाबिलोनची आहेत. म्हणून मुलांच्या बोलण्यात चार हिंदी वा इंग्रजी शब्द आले म्हणजे कुळ बुडाले, असा आक्रोश व्यर्थ होय. पण त्याचबरोबर, सगळेच वाहते आहे तर वाहू द्यावे, हेही खरे नव्हे. समाज शब्द उसने घेतल्याने मरत नाही. उसने घेतलेले ठेवावयास स्वतःची पेटी उरली नाही म्हणजे मरतो. ही पेटी कोणती? एखाद्या घरी ते पंचांग असेल, एखाद्या घरी आजीच्या तोंडची कोंकणी, एखाद्या घरी अभंगाची पोथी, कोठे कुलदेवतेची वर्षातून एकदा होणारी भेट. पण ती वापरातली असली पाहिजे. मोडी दफ्तरासारखी बांधून ठेवलेली पेटी जड होते, उपयोगी पडत नाही; आणि जी अक्षरे वाचणारा घरात कोणी राहिला नाही, ती पुढे परक्याच्या कृपेनेच वाचली जातात.

समाजाला फायलो हवेत, यात शंका नाही. आपले उत्तम ते जगाच्या भाषेत सांगणारे लोक निघावेत, आणि धार-देवासच्या परिसराने असे लोक दिले याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्या घरातून एक भाऊ मोठ्या भाषेकडे जातो, त्याच घरात दुसऱ्या भावाने आपल्या भाषेचा दिवा लावून बसले पाहिजे. दोघांत वैर असण्याचे कारण नाही. पहिला जे मिळवील ते दुसऱ्याच्या भाषेत परत यावे, एवढीच व्यवस्था ठेवावी लागते. ती ठेवणे राजाच्या हाती नसते, सरकारच्याही नसते. ते काम घरातल्या वडीलधाऱ्यांचे आणि देवळाच्या सभामंडपाचे आहे. धारनाथाची पालखी निघते तेव्हा तिला छबीना का म्हणतात हे मुलाने विचारावे आणि ते सांगणारे कोणी शेजारी उभे असावे. तेवढे झाले तर पुढच्या तीनशे वर्षांची चिंता करावयास नको.